हातात पाना, खिशात परवाना

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे पत्रं वाढतात. यंदा पोरांबरोबर चाळिशीच्या मिस्त्रींनीही लिहिलंय, याचा आनंद आहे. उमेदीची सगळी वर्षं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे उत्तरांना ग्रीसचा वास येणारच.

मुलाला दहावीत 51 टक्के पडले. फिटरला नंबर लागेलसं वाटत नाही. गवंडीकामाच्या ट्रेडला लागेल, पण घरचे म्हणतात, भिंत बांधायला शिकायला शाळेत कशाला जायचं? — एक आई, वडूज

ताई, घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. वीट लावायला पोरगा गावातल्या मिस्त्रीकडेही शिकेल. पण तिथं पहिले सहा महिने तो घमेली वाहणार. वर्कशॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात थापी आणि ओळंबा हातात येतो. भिंत ओळंब्यात नसेल तर पाडायची, पुन्हा बांधायची. सिमेंट वाया गेलं म्हणून कुणी अंगावर येत नाही. चुकायची एवढी मोकळीक साइटवर मिळत नाही. शिवाय नकाशा वाचायला शिकवतात, आणि गवंडी व ठेकेदार यांच्यातला फरक निम्मा तिथंच आहे.

एक गोष्ट मात्र आधी बघा. मेसन (म्हणजे गवंडीकाम), वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे ट्रेड. फिटर, इलेक्ट्रिशियन, सिव्हिल ड्राफ्ट्समन दोन वर्षांचे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, एक वर्षाच्या ट्रेडवर येत नाही. मुलाच्या मनात पुढं शिकायचं असेल तर सिव्हिल ड्राफ्ट्समनचा विकल्प वर टाका. क्षेत्र बांधकामाचंच राहतं. आणि यंदा हुकलं तरी आयटीआयला वयाची वरची अट नाही. माझ्या वर्गात बापाच्या वयाची माणसंही बसलेली आहेत.

एका खासगी केंद्रात महिन्याभराचा जेसीबी ऑपरेटरचा कोर्स आहे. फी मोठी आहे, वडील शेळ्या विकून भरायला तयार आहेत. 'शंभर टक्के नोकरी' म्हणतात. भरू का? — एक तरुण, कोरेगाव तालुका

शेळ्या अजून गोठ्यातच राहू देत. आधी केंद्रात जा आणि एकच विचार: माझा हात मशीनवर किती तास?

'महिना' या शब्दावर जाऊ नकोस, हिशेब कर. वीस पोरं आणि एक मशीन. रोज आठ तास मशीन चालू राहिलं असं धरलं तरी एकाच्या वाट्याला 24 मिनिटं येतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर साडेदहा तासही भरत नाहीत. आणि दिवसाला आठ तास डिझेल जाळणारं केंद्र मी तरी पाहिलेलं नाही. एवढ्यात लिव्हरची ओळख होते, बोटांना सवय लागत नाही. त्यांच्याकडून तासांचा आकडा पावतीवर लिहून माग. लिहून द्यायला टाळाटाळ केली की समजून जा.

दुसरं, प्रमाणपत्र कुणाचं मिळणार? केंद्राचं स्वतःचं की इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल या बांधकाम-यंत्रांच्या क्षेत्रातल्या कौशल्य परिषदेचं? त्यावर 'बॅकहो लोडर' लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नकोस, ते या मशीनचं खरं नाव. जेसीबी हे कंपनीचं नाव, पोकलेनही तसंच. आपण ते मशीनलाच देऊन टाकलं. आणि प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. मशीन रस्त्यानं न्यायचं तर आरटीओचा परवाना वेगळा लागतो.

तिसरं, नोकरीच्या हमीचं. मागच्या दोन बॅचच्या पोरांचे नंबर माग आणि त्यांनाच फोन कर.

माझं मत विचारशील तर आधी चार-सहा महिने एखाद्या ऑपरेटरच्या हाताखाली हेल्पर म्हणून जा. पैसे थोडे मिळतील, शिव्या भरपूर. पण रोज सकाळी पिना-बुशांना ग्रीस मारणं, हायड्रॉलिक ऑइलची पातळी बघणं, पाइप कुठं पाझरतोय ते हुडकणं हे सगळं तिथं अंगात मुरतं. खोदायच्या आधी मागचे जॅक टेकवायचे, बकेट फिरते तेवढ्या घेऱ्यात माणूस उभा राहू द्यायचा नाही, वर विजेची तार आहे का ते बघायचं, मशीन उभं करताना बकेट जमिनीवर टेकवायची. हे वहीत लिहून पाठ होत नाही. आपल्या भागात तर जमिनीखाली पाइपलाइनींचं जाळं आहे. चर काढण्याआधी बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारायचं, 'आबा, पाइप कुठनं गेलीय?' न विचारता फोडली तर भरपाई बहुतेक वेळा ऑपरेटरच्याच पगारातून जाते.

एवढं करून मन रमलं तर कोर्स कर. तेव्हा तुझे साडेदहा तास कारणी लागतील.

वय 19. कारचं लायसन्स मिळून सात महिने झाले. मामांची दहाचाकी आहे, ते म्हणतात चल, शिकवतो. — कराड

मामांना नमस्कार सांग आणि थांबायला सांग. व्यावसायिक मालवाहू गाडी रस्त्यावर चालवायला वय 20 पूर्ण लागतं. आणि जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स काढायला हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं लागतं. दोन्हीत तू कमी पडतोस. पुढं मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा दाखला, आणि डॉक्टरांचा फॉर्म 1अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागेल. आठवी पासची जुनी अट 2019 मध्ये निघाली.

नाक्यावर कुणी सांगेल, 'सुप्रीम कोर्टानं आता कारच्या लायसन्सवर टेम्पो चालवायला परवानगी दिलीय.' अर्धं खरं आहे. नोव्हेंबर 2024 चा घटनापीठाचा निकाल मालासकट एकूण वजन 7500 किलोच्या आत असलेल्या गाड्यांपुरता आहे. मामांची दहाचाकी त्यात कुठली बसायला! विनालायसन्स अपघात झाला तर विमा कंपनी लायसन्सचं कलम पुढं करते आणि गाडी, घर, सगळं कोर्टाच्या दारात जातं.

तोवर क्लिनर म्हणून शेजारी बस. खंबाटकी उतरताना मामांचा हात बघ. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. काहीजण डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात. ते शिकू नकोस. न्यूट्रलमध्ये सगळं ओझं ब्रेकवर येतं, लायनर तापतात आणि तापले की धरत नाहीत. वर सारखा पाय मारून ब्रेकच्या टाकीतली हवाही उतरते. शिवाय नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल आपोआप तुटतं. म्हणजे वाचत काहीच नाही. मामाच न्यूट्रल टाकत असतील तर त्यांना हा अंक दाखव, माझं नाव सांग.

मोटर मेकॅनिक ट्रेड झाला. एसटीची अप्रेंटिसशिप घेऊ की गॅरेजला जाऊ? गॅरेजवाला जास्त देतोय. — सातारा

अप्रेंटिसशिप घे. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं. गॅरेज जास्त देईल हे खरं, पण डेपोत एअर ब्रेकपासून गिअरबॉक्सपर्यंत रोज नवी तक्रार समोर येते, आणि शेवटी शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. मात्र त्यानंतर एसटीत नोकरी ठरलेलीच असं धरून चालू नकोस, कायदा तसं म्हणत नाही. गॅरेज वर्षभरानंतरही तिथंच असेल.

वीस वर्षं गवंडीकाम आणि सेंट्रिंग करतोय. आता पोरं सर्टिफिकेट मागतात. या वयात शाळेत बसू का? — फलटण

मिस्त्री, शाळेत बसायची गरज नाही. तुमच्यासारख्यांसाठी 'पूर्वज्ञानाची मान्यता' म्हणजे आरपीएल आहे. थोडे दिवस उजळणी, मग प्रात्यक्षिक परीक्षा आणि हातातल्या कामाचं प्रमाणपत्र. मोठ्या कंपनीच्या साइटवर किंवा आखातात जायचं असेल तर उपयोगी पडतं. गावातलं घर बांधायला कुणी ते मागणार नाही.

त्याआधी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी झालीय का बघा. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एजंटाला पैसे देऊ नका.

आणि एक सूत्र हाताशी ठेवा, ठेकेदार झालात तर सळईच्या पहिल्या ट्रकलाच कामाला येईल. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा आणि 162 ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 ची सळई: 144 भागिले 162, म्हणजे 0.89 किलो. 12 मीटरचा एक नग साधारण 10.67 किलोचा. माल उतरला की नग मोजायचे, गुणायचं आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघायचं. थोडाफार फरक चालतो. मोठा दिसला तर ट्रक उभा असतानाच बोला, गेल्यावर उपयोग नाही.

पाणी मारण्याबद्दलही सांगतो. हल्ली बहुतेक गोण्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या असतात. त्याच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओल हवी, सात नाहीत. मालकाला घाई असली तरी.

मला वेल्डिंग शिकायचंय. नातेवाईक हसतात. मुलीनं करावं का? — पलूस

पोरी, आर्कला मुलगा-मुलगी कळत नाही. हात थरथरला की शिवण बिघडते, एवढंच त्याला कळतं. वर्कशॉपमध्ये मुलींचे हात मला जास्त स्थिर दिसले, पण हा माझा अनुभव, नियम नव्हे.

पलूसला राहून हे काम सोडलंस तर नवल. सांगली-सातारा हा साखर कारखान्यांचा मुलूख. गळीत हंगाम संपला की ऑफ-सिझनला बॉयलर, पाइप, मिल सगळं उघडतं, तेव्हा चांगल्या वेल्डरला शोधत येतात. पण बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला कुणीही रॉड लावू शकत नाही, त्याला आयबीआरची, म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स या बॉयलरच्या नियमांखालची परीक्षा द्यावी लागते. म्हणून ग्रिल-गेटवर थांबू नकोस. सपाट प्लेट, मग उभी, मग डोक्यावरची, मग पाइप. सगळ्यांत अवघड 6जी, म्हणजे 45 अंशांत तिरका बांधलेला पाइप. तो हलत नाही, तूच त्याच्याभोवती वाकत फिरायचं. तिथं पोचलेल्या माणसाला नातेवाईक हसत नाहीत, कामाला आहेस का म्हणून फोन करतात.

नोकरी घेताना पगाराबरोबर विचार: बायकांसाठी शौचालय आहे का, रात्रपाळीला घरी सोडतात का. विचारायला लाजू नकोस. आणि वर्कशॉपला जाताना सुती कपडे घाल. नायलॉनची ओढणी ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते.