पर्कशन रिव्हॉल्व्हरमध्ये (सुटी बारूद आणि गोळी सिलिंडरच्या पुढून भरायचं, टोपीने पेटणारं जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर) ग्रीस गोळीवर लावायचं की गोळीखाली वॅड घालायचं?

वॅडच घाला, म्हणजे मेण-चरबीत भिजवलेली फेल्टची चकती, बारूद आणि गोळीच्या मधे. गोळीवर थापलेलं ग्रीस शेजारचा बार उडाला की वितळून हात-चौकट सगळं बरबटवतं. मधमाशांचं मेण आणि मेंढीची चरबी उत्तम. पेट्रोलियम ग्रीस नकोच, काळ्या बारुदाच्या काजळीत त्याचं डांबर होतं. सिलिंडर, म्हणजे बार भरायचा फिरता भाग, ज्यावर फिरतो त्या आसालाही तेच मेण-चरबी चोळा. कोल्ट बनावटीच्या रिव्हॉल्व्हरच्या आसावर ग्रीस धरायला खाचा असतात, रेमिंग्टनच्या १८५८ मॉडेलला नसतात, म्हणून तो लवकर जाम होतो. मात्र भरून फार वेळ ठेवू नका, चरबी बारुदात उतरते. आणि शेजारच्या बाराची आग पुढून शिरू नये म्हणून गोळी इतकी घट्ट हवी, की दाबताना शिशाची बारीक कडी कातरून निघेल. हे ग्रीसवर सोडू नका.