जुन्या गाडीला कंपनीकडून नवीन फीचर्स बसवून मिळतात का?

तुमची गाडी २०१७ ची, टचस्क्रीन आहे पण अँड्रॉइड ऑटो (फोनचे मॅप, गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) नाही, आणि कंपनीकडून करून घ्यावं की बाहेरून स्टीरिओ टाकावा असं विचारलंय. कंपनी देते हो, पण जे गाडीत आधीपासून दडलेलं असतं तेवढंच सहसा देते.

माझी नेक्सॉन ईव्ही २०२० ची. जुलै २०२२ ला टाटांनी नेक्सॉन ईव्ही प्राइम आणली तेव्हा जरा पोटात दुखलंच, म्हटलं झालं, आपली गाडी जुनी झाली. पण त्यांनी आधीच्या २२ हजारांवर मालकांनाही तेच सॉफ्टवेअर फुकट दिलं, क्रूझ कंट्रोल, रीजनच्या (ब्रेक लावताना बॅटरी थोडी चार्ज होते त्याच्या) लेव्हल्स आणि टायरमधली हवा कमी झाली की वॉर्निंग. मला वाटलेलं टायरमध्ये सेन्सर बसवतील, तर चाकाला हातसुद्धा लावला नाही, नुसता लॅपटॉप जोडला. हवा कमी झाली की टायरचा घेर किंचित घटतो, मग ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, आणि ब्रेकच्या एबीएससाठी चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरला हे आधीपासून दिसतच होतं, फक्त त्याचा अर्थ काढायला कोणी शिकवलं नव्हतं. अर्थात कुठल्या चाकात किती पीएसआय ते कळत नाही आणि हवा भरली की रिसेट करावं लागतं, ते मी दरवेळी विसरतो.

हार्डवेअर आलं की पैसे आले. अमेरिकेत माझ्दाने २०१८ मध्ये २०१४ पासूनच्या माझ्दा कनेक्टवाल्या (त्यांची स्क्रीनची सिस्टिम) गाड्यांना कारप्ले (आयफोनसाठीची तशीच सोय) आणि अँड्रॉइड ऑटो दिलं, यूएसबी हब बदलून वर सॉफ्टवेअर, किटचे साधारण २०० डॉलर आणि मजुरी वेगळी. टेस्लाने तर जुन्या मॉडेल एसचा स्क्रीनमागचा कंप्युटरच बदलून द्यायला सुरुवात केली, २०२० मध्ये अडीच हजार डॉलर, आणि नव्या युनिटमध्ये सुरुवातीला एफएम रेडिओच नव्हता! म्हणजे एवढे पैसे मोजून सकाळच्या बातम्या गेल्या.

तुमच्या केसमध्ये आधी चासी नंबर घेऊन डीलरला विचारा की याच हेड युनिटला (म्हणजे गाडीतल्या स्क्रीनवाल्या स्टीरिओला) अपडेट आहे का, आणि एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारा, कारण माझ्या मेव्हण्याला (गाडी दुसऱ्या कंपनीची) एका ठिकाणी सरळ नवीन युनिटचं कोटेशन काढून दिलं आणि दुसरीकडे पेन ड्राइव्हवरून वीस मिनिटांत काम झालं. अपडेट नसेलच तर बाहेरून टाका, पण कपलर टू कपलर (म्हणजे वायर न कापता गाडीच्याच प्लगमध्ये) बसणारंच घ्या, अ‍ॅक्सेसरीवाला वायर कापायला पक्कड उचलतोय असं दिसलं की तिथेच थांबवा. स्टीअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा चालतोय का ते दुकानातच बघून घ्या, पैसे त्यानंतर.