चाकातली भोकं आणि मागच्या टायरचं तापमान

प्रश्न : २०१८ साली फॉर्म्युला वन शर्यतींत फेरारी संघाने मर्सिडीज संघाच्या मागच्या चाकांतल्या भोकांवर शंका घेतली होती. भोकांनी टायर थंड कसा होतो?

जोरात ब्रेक लागला की फॉर्म्युला वन गाडीच्या ब्रेकच्या कार्बन डिस्क १,००० अंशांच्या आसपास तापतात. ती धग रिममध्ये, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकात, उतरते, तिथून टायरच्या आतल्या हवेत. हवा तापली की दाब चढतो, टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि रबराला फोड येतात. मागच्या टायरचे हाल जास्त, कारण वळणातून निघताना इंजिनाचा सगळा जोर तेच सोसतात. मर्सिडीजने बेल्जियमच्या शर्यतीत नवी चाकं आणली. हब (चाकाचा मधला भाग) आणि रिम यांच्यामधल्या स्पेसरला, म्हणजे अंतर राखणाऱ्या कड्याला, भोकं, रिमवर बारीक उंचवटे. भोकांतून हवा खेळते, उंचवट्यांमुळे उष्णता सोडायला जास्त पृष्ठभाग मिळतो. मागचे टायर लवकर तापणं हे या संघाचं जुनं दुखणं होतं. मला ही त्या हंगामातली सर्वात देखणी कारागिरी वाटते.

प्रश्न : मग नियम कुठे आड आला?

वायुगतिकीवर, म्हणजे गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहावर, परिणाम करणारा भाग हलता नसावा, असा नियम. चाक तर फिरतंच. पण भोकांचं मुख्य काम थंड करणं आहे, वायुगतिकीचा फायदा झालाच तर तो आनुषंगिक, असं एफआयएच्या, म्हणजे या शर्यतींच्या नियामक संस्थेच्या, तांत्रिक विभागाचं मत पडलं.

प्रश्न : वैध होतं, तर मर्सिडीजने अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शर्यतीत भोकं बुजवली का?

कारण तांत्रिक विभागाचं मत म्हणजे निकाल नव्हे. निकाल शर्यतीचे स्टुअर्ड, म्हणजे पंच, देतात आणि त्यावर अपील होऊ शकतं. मर्सिडीजचा चालक हॅमिल्टन विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. शर्यतीनंतर तक्रार झाली असती, तर सगळं लटकलं असतं. ऑस्टिनला फेरारीचा रायकोनेन जिंकला, हॅमिल्टन तिसरा. पुढे मेक्सिकोत मर्सिडीजने स्वतःच स्टुअर्डांकडे दाद मागितली. त्यांनीही रचना वैध ठरवली, तरी शर्यतीत भोकं बंदच राहिली. त्या दिवशी मर्सिडीजच्या टायरची वाट लागली, हॅमिल्टन चौथा आला आणि तेवढ्यावर पाचव्यांदा विश्वविजेता झाला. टायर केवळ बुजवलेल्या भोकांमुळे गेले, असं मी म्हणणार नाही. २,२०० मीटरहून उंचावरच्या त्या विरळ हवेत काहीही थंड ठेवणं सगळ्यांनाच जड जातं. आणि फेरारीच्या विचारणेला रडीचा डाव म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नियमाची सीमा कुणीतरी विचारल्याशिवाय ठरत नाही.

प्रश्न : २०१२ मध्ये रेड बुल संघाची भोकं मात्र चालली नाहीत. हा दुजाभाव नाही का?

नाही. ती पुढच्या चाकांच्या आसात होती आणि फिरत्या भागातून हवा बाहेर सोडत होती, म्हणजे हलत्या भागाच्या नियमात अडकत होती. कॅनडात एफआयएने ती बदलायला लावली. नंतर हीच कल्पना न फिरणाऱ्या नळीतून नियमात बसवली गेली, २०१९ पासून तीही बंद झाली.

प्रश्न : २०२२ मध्ये १८ इंची, झाकणं लावलेली चाकं आली. वाद मिटला?

वाद फक्त आत सरकला. २०२५ मध्ये प्रतिस्पर्ध्यांची नजर मॅक्लारेनच्या मागच्या ब्रेकच्या आवरणावर होती. एफआयएने ते तपासलं आणि त्यात गैर काही आढळलं नाही.