‘चरित्र अभिनेता’ म्हणजे नेमका कोण?

प्रश्न असा आला आहे : डॅब्स ग्रिअर या अमेरिकन दूरचित्रवाणी नटाविषयी मराठीत लेख लिहिताना ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’साठी, म्हणजे नायकाऐवजी तऱ्हेतऱ्हेच्या खास व्यक्तिरेखा रंगवणाऱ्या नटासाठी, ‘चरित्र अभिनेता’ वापरलं. वाचणाऱ्याने विचारलं, ‘यांनी कोणाकोणाच्या चरित्रपटांत कामं केली?’ मग शब्द चुकला का? ‘सहाय्यक अभिनेता’ लिहावं का?

वाचणाऱ्याचा गोंधळ अगदी रास्त आहे. मराठीत चरित्र म्हणजे एखाद्याच्या आयुष्याची हकिगत. ‘लीळाचरित्रा’पासून आपण हा शब्द त्याच अर्थाने वापरत आलो. ती लिहिणारा चरित्रकार, ती ज्याची असते तो चरित्रनायक, तिच्यावर निघतो तो चरित्रपट. त्याच ओळीत ‘चरित्र अभिनेता’ ठेवला, की तो चरित्रपटांत काम करणारा वाटणारच. वागणुकीच्या शुद्धतेसाठी आपल्याकडे चारित्र्य आहे आणि गोष्टीतल्या माणसासाठी पात्र किंवा व्यक्तिरेखा. हिंदीत मात्र हे तिन्ही अर्थ एकट्या ‘चरित्र’ला चालतात. म्हणून तिथे ‘चरित्र अभिनेता’ सहज बसला, आणि सिनेमाच्या बातम्यांबरोबर आपल्याकडे आला. तो आता मराठी वर्तमानपत्रांत रुळला आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणणार नाही. वापरायचाच असेल तर निदान जोडून, ‘चरित्र-अभिनेता’ असा लिहा. तो समास आहे.

पण ‘सहाय्यक अभिनेता’ हा त्यावरचा उपाय नव्हे. सहाय्यक म्हटलं की नायकाच्या तुलनेत नटाची जागा कळते, तो कशा प्रकारची कामं करतो ते कळत नाही. तुमच्या ग्रिअर यांचंच उदाहरण घ्या. 1917 साली मिसुरी राज्यात जन्मलेला हा माणूस आधी नाटक शिकवत होता. 1943मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला गेला, तिथल्या नाट्यसंस्थेत रमला आणि पुढे पन्नासच्या दशकात, दूरचित्रवाणी घरोघरी पोचत असताना, मालिकांमध्ये सतत दिसू लागला. 1952च्या सुपरमॅन मालिकेच्या पहिल्याच भागात फुग्यासारख्या आकाशयानाच्या दोराला लोंबकळणारा, सुपरमॅनने वाचवलेला माणूस हाच. ‘गनस्मोक’मधला दुकानदार जोनास हाच. ‘द ब्रॅडी बंच’च्या 1969मधल्या पहिल्या भागात लग्न लावणारा पाद्री हा, आणि ‘लिटल हाउस ऑन द प्रेरी’मधले रेव्हरंड ऑल्डनही हेच. एवढे पाद्री एका नटाच्या वाट्याला आले, म्हणून कोणी त्याला साचेबंद म्हणेल. पण दोराला लोंबकळणारा घाबरलेला माणूस आणि काउंटरमागचा शांत दुकानदार एका साच्यातून निघत नाहीत.

आता 1999चा ‘द ग्रीन माइल’ हा चित्रपट पाहा. टॉम हँक्सने रंगवलेला तुरुंग-अधिकारी म्हातारपणी आपली गोष्ट सांगतो. तो म्हातारा म्हणजे ग्रिअर. अर्थात तो नायकच, फक्त उतारवयातला! इथे कोण कोणाचा सहाय्यक? स्वतः ग्रिअर म्हणत असत की प्रत्येक कॅरेक्टर अ‍ॅक्टर त्याच्या छोट्याशा वर्तुळात नायकच असतो. मला हे फार पटतं. म्हणूनच ‘दुय्यम भूमिका’ हा शब्द अशा लेखात येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

संस्कृत नाट्यशास्त्राकडे वळलो, तर तिथेही नायकाशिवायच्या पात्रांना स्वतंत्र नावं आहेत : विदूषक, विट (रंगेल सोबती), कंचुकी (अंतःपुरातला वृद्ध सेवक), पीठमर्द (नायकाचा साथीदार). पण ही पात्रांची नावं झाली. ती साकारणाऱ्या नटाला तिथे वेगळं नाव मिळत नाही. आपल्या संगीत रंगभूमीने मात्र इंग्रजी ‘पार्ट’ उचलून राजापार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट असे झकास शब्द घडवले आणि नटाची ओळख त्यांवरूनच होऊ लागली. ती सोय पुढे मागे पडली याची हळहळ वाटते.

मला स्वतःला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ‘कॅरेक्टर’चं मूळ ग्रीक आहे. कोरण्याचं हत्यार, आणि त्याने उमटलेली खूण, नाण्यावरचा छाप, असा त्याचा अर्थ. उलट ‘चरित्र’ संस्कृत ‘चर्’ धातूपासून, म्हणजे चालणं, वागणं. एका शब्दात छाप आहे, दुसऱ्यात चाल. आणि छापाची कल्पना मराठीला परकी आहे का? मुळीच नाही. नट ठसा उमटवतो. भूमिका ठसठशीत होते. इतकंच काय, आपण भूमिका ‘वठवतो’. शिक्का नीट वठला, धनादेश वठला, तसंच पात्र वठलं. ‘कॅरेक्टर’मध्ये जे दडलंय ते आपल्या क्रियापदांत आधीपासून आहे. नाम शोधत बसल्यामुळे ते नजरेतून सुटतं.

याच कारणाने ‘भूमिका निभावली’ हे टाळा. हिंदीत ते ठीक आहे. मराठीत निभावणं म्हणजे कसंबसं पार पडणं, ‘एवढ्यावर निभावलं’ म्हणतो तसं. ललिता पवारांनी दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मंथरा निभावली नाही, वठवली. वठवणं, रंगवणं, साकारणं, उभी करणं, एवढी क्रियापदं हाताशी असताना उसनवारी कशाला?

तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य मी असं लिहीन : ‘डॅब्स ग्रिअर यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर अनेक दशकं छोट्या पण ठसठशीत व्यक्तिरेखा वठवल्या.’ मथळ्यात जागा कमी असेल, तर ‘व्यक्तिरेखांचा नट’.