पदरावरचा ब्रोच निसटू नये म्हणून

प्रश्न : आजीचा मोत्यांचा ब्रोच मी पैठणीच्या पदराला लावते, परंतु त्याची टाचणी आकड्यातून सुटते आणि मागच्या लग्नात तो पंगतीत पडलेला सापडला. मूळ घडण न बिघडवता काही करता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जुन्या ब्रोचला मागे बहुधा उघडा, वाकडा आकडा असतो आणि टाचणी त्यात केवळ स्वतःच्या ताणावर टिकत असल्यामुळे बिजागरी सैल झाली की ती निसटते. वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या सेफ्टी पिनेत तारेचा वेढा टाचणीला सतत बाहेर रेटतो आणि टोपी तिचे टोक झाकून धरते. तुमच्या ब्रोचला नेमकी ही टोपीच नाही. सोनाराकडून फिरणारी कडी असलेला बंद आकडा बसवून घेता येतो. मात्र त्यासाठी डाग द्यावा लागतो आणि मोत्यांना आच सोसत नाही, म्हणून ते आधी उतरवावे लागतील. मला विचाराल तर एवढा खटाटोप नको. बिजागरीला बारीक साखळी अडकवून तिच्या टोकाची लहान सेफ्टी पिन ब्लाउजला लावावी, म्हणजे टाचणी सुटली तरी ब्रोच लोंबकळत राहील. टाचणी जरीत मात्र खुपसू नये. जरीची तार ओढली जाते.