बाळाचं डोकं एका बाजूने चपटं होतंय?

घाबरू नकोस. माझ्या थोरलीचं डोकं तिसऱ्या महिन्यात उजवीकडे इतकं चपटं झालं होतं की वरून पाहिलं तर त्या बाजूचा कानही जरा पुढे सरकलेला दिसायचा. कवटी मऊ आणि मान सदा एकाच अंगावर, एवढंच कारण. पण म्हणून रात्री पालथं झोपवायला जाऊ नकोस. झोपवायचं ते पाठीवरच. उशीही नको, 'डोकं गोल करणारी' म्हणून विकतात ती तर नकोच नको.

फरक पडला तो जागेपणी. दिवसातून चार-पाचदा, दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करून, समोर बसून तिला पालथं घालायचे. पहिले काही दिवस बाईसाहेब नुसतं भोकाड पसरायच्या. मग माझ्याच छातीवर पालथी घ्यायला लागले. बाळ उजेडाकडे आणि आपल्याकडे बघतं, म्हणून एक दिवसाआड तिचं डोकं बिछान्याच्या दुसऱ्या टोकाला. कडेला घेतानाही हात बदल.

मात्र मान एकाच बाजूला वळत असेल, दुसरीकडे वळवताना रडत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखव. मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, आणि तो बहुतेकदा व्यायामाने सुटतो. थोरलीचं डोकं ती बसायला लागल्यावर हळूहळू भरत गेलं.