एफडी मोडून टॅब घ्यावा का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक पावणेचार वर्षांचा, सात-आठ शब्दांपलीकडे अजून बोलत नाही. आठवड्यातून तीनदा तुम्ही त्याला भांडुपहून मुलुंडला स्पीच थेरपीला नेता, एका सेशनचे ९०० रुपये. यजमानांचा पगार ५८,०००, थेरपी धरून घरखर्च ५२,०००, आणि गाठीला दीड लाखाची एकच एफडी. आता एका विक्रेत्याने ४२,००० चा टॅब आणि त्यावर वर्षाला १८,००० चं अ‍ॅप सुचवलं आहे. सेशन तीनवरून एकावर आणा, आठ महिन्यांत पैसे वसूल, असं तो म्हणतो. एफडी मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

आज मोडू नका. थेरपिस्टला एक प्रश्न विचारा, त्याच्या उत्तरावर पुढचं ठरवू. तो प्रश्न खाली सांगतो.

आधी विक्रेत्याचा हिशेब. आकडे त्याने बरोबर मांडलेत. महिन्याला साधारण १३ सेशन, म्हणजे ११,७०० रुपये. आठवड्याला एकच ठेवलं तर ३,९००. महिन्याला ७,८०० वाचले, तर ६०,००० आठव्या महिन्यात भरून निघतात. पण टॅब थेरपिस्टचं काम करील, असं त्याने धरून टाकलंय, आणि हिशेब तिथेच चुकतो. सेशनमध्ये काय चालतं ते तुम्ही दर वेळी बघता. थेरपिस्ट खेळण्यातली गाडी हातात धरून थांबतात, लेक त्यांच्याकडे बघेपर्यंत वाट बघतात, त्याने नुसता हात पुढे केला तरी 'दे' म्हणून शब्द पुरवतात. अ‍ॅप बोट लागलं की टाळ्या वाजवतं, मग मूल कुणाकडे बघो न बघो. तेच ६०,००० सेशनला लावले तर ६६ सेशन होतात, म्हणजे सध्याच्या वेगाने २२ आठवडे. या वयातले २२ आठवडे मला फार मोलाचे वाटतात.

आता प्रश्न. थेरपिस्टला विचारा: टॅब याला सरावासाठी हवा आहे, की आवाज म्हणून?

सरावासाठी म्हणजे चित्र ओळखा, आवाज काढा, असले खेळ. ते तुमच्या मोबाइलवर होतात, आणि तेही तुम्ही शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयासाठी स्क्रीनची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, कमी असेल तर उत्तमच. तेवढ्यासाठी ६०,००० घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आवाज म्हणून म्हणजे मूल चित्रावर बोट ठेवतं आणि टॅब त्याच्यासाठी 'पाणी', 'नको', 'आजी' म्हणतो. ही गोष्ट निराळी, चष्म्यासारखी. याची सवय लागली की मूल बोलायचंच नाही, ही सासूबाईंची भीती मी समजू शकतो, पण अभ्यास तसं सांगत नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेमतेम बोलणारी ५ ते ८ वर्षांची ६१ स्वमग्न मुलं होती. ज्यांच्या थेरपीत आवाज देणारं उपकरण पहिल्यापासून होतं, ती आपणहून जास्त व्यक्त होऊ लागली. मात्र थेरपी दोन्ही गटांना मिळत होती, कुणाचीही कमी केली नव्हती. विक्रेत्याने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

थेरपिस्ट 'आवाज म्हणून' म्हणाल्या, तरी सुरुवात फुकटात करा. आपल्या पवईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप मोफत आहे. महिनाभर मोबाइलवर वापरून बघा. लेक त्यातून खरंच मागायला-सांगायला लागला, तर १२-१५ हजारांचा साधा टॅब घ्या, आणि पुढे कुठलं अ‍ॅप विकत घ्यावंच लागलं तर ते महिन्याच्या बोलीवर. त्यात घरातली मराठी असली पाहिजे. आजीला 'वॉटर' म्हणणारा टॅब तुमच्या स्वयंपाकघरात काय कामाचा?

एफडीबद्दल. मुदतीआधी मोडली तर बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. ते नुकसान किरकोळ आहे, त्याची काळजी करू नका. मला काळजी वेगळी वाटते. आज ही ठेव जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च आहे. ६०,००० काढले की दोन महिन्यांचाही उरत नाही, आणि यजमानांची नोकरी कंत्राटी. पगार थांबला तर पहिली कात्री थेरपीलाच लागेल. हप्त्यावर टॅब घेणं मला त्याहून नापसंत. महिन्याला सहा हजार शिल्लक राहतात, ते राहू द्या.

विक्रेत्याने दाखवलेलं करसवलतीचं आमिषही बाजूला ठेवा. अपंग अवलंबितासाठीची ७५,००० ची वजावट जुन्या करप्रणालीतच आहे आणि तिला किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत तसाही कर बसत नाही, मग वाचवायचं काय?

एक गोष्ट मात्र या महिन्यातच करा. पत्रात कानाच्या तपासणीचा उल्लेख नाही. बेरा टेस्ट, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे मोजणारी तपासणी, झाली नसेल तर बाकी सगळ्याआधी ती. वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, सरकारी. दादरला गाडी बदलावी लागेल, लेकाला घेऊन एक दिवस मोडेल, पण खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो आणि थेरपीबद्दल दुसरं मतही तिथेच मिळेल. नायर रुग्णालयातही वाचा-श्रवण विभाग आहे. पुढे डॉक्टरांनी स्वमग्नतेचं निदान केलंच, तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्य विम्याची चौकशी करा. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचाही समावेश आहे. नुसत्या उशिरा बोलण्याला तो लागू नाही.

मुलुंडच्या फेऱ्यांनी तुम्ही थकला आहात, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तीनऐवजी दोन सेशन आणि घरी रोज अर्धा तास सराव चालेल का, हे थेरपिस्टनाच विचारा. ते त्यांनी ठरवायचं, विक्रेत्याने नाही, मीही नाही. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा. तोवर एफडीची पावती कपाटातच राहू द्या.